पेग घेण्याआधी भोक मोजा

वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की गिटारच्या पेगांबद्दलची, म्हणजे तारा ताणून सूर लावायच्या खुंट्यांबद्दलची पत्रं वाढतात. गंज दिसायला लागतो, पेग फिरवायची बटणं पिवळी पडून तडकतात, आणि घराघरांतून ऑनलाइन खरेदी सुरू होते. माझी उमेद चिंचवडच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून गेली. त्यामुळे उत्तरांत व्हर्नियर, आटे आणि ड्रिल यांचा भरणा जास्त असेल. संगीतातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. सूर लावायचं यंत्र कसं चालतं ते मात्र कळतं.

प्रश्न : मुलाच्या अकूस्टिक गिटारचे उघड्या दातऱ्यांचे पेग गंजले होते, म्हणून बंद डब्यांचे सहा नवे पेग मागवले. जुने काढले, पण नवे भोकात शिरतच नाहीत. मागचे स्क्रूसुद्धा जुन्या भोकांवर येत नाहीत. आमच्या ओळखीचे सुतार म्हणतात, दहाचं ड्रिल मारून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. मारू द्यावं का? आणि सहाही पेग एका रेषेत कसे बसवायचे? (एक वडील, नाशिक)

उत्तर : सुतारांना चहा पाजा, पण ड्रिल परत पाठवा.

आधी अडचण काय झालीय ते बघू. जुन्या पद्धतीच्या उघड्या पेगाचा पोस्ट, म्हणजे तार ज्याच्यावर गुंडाळतो तो दांडा, साधारण सव्वासहा मिलिमीटरचा असतो. तो हेडस्टॉकच्या, म्हणजे पेग बसतात त्या गिटारच्या शेंड्याच्या, पुढच्या बाजूने दाबून बसवलेल्या धातूच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरतो, आणि त्या बुशसाठी लाकडात पावणेनऊच्या आसपास भोक असतं. बंद डब्याच्या पेगाला डब्यातूनच एक जाड नळी निघते. पुढून षटकोनी डोक्याचं, आटे असलेलं बुश तिच्यात कसतात. तिला लागतं दहाचं भोक. म्हणजे तुमच्याकडे सव्वा मिलिमीटर कमी पडतोय.

तो सव्वा मिलिमीटर ड्रिलने काढू नका म्हणतो त्याला कारण आहे. कोऱ्या लाकडात ड्रिलचं टोक मध्यावर टेकतं आणि स्वतःला सरळ ठेवतं. आधीच भोक असलं की टोकाला टेकायला काही उरत नाही, फक्त कडा लाकडाला चावतात आणि ड्रिल स्वतःच आत खेचलं जातं. पुढचा पॉलिशचा थर टवका होऊन उडतो. आणि हेडस्टॉकमध्ये लाकडाचे रेषे लांबीत धावतात, एका बाजूची तिन्ही भोकंही त्याच दिशेने ओळीत असतात. एका भोकात ड्रिल अडकून झटका बसला तर चीर सरळ दुसऱ्या भोकापर्यंत जाते. अशी चीर चिकटवता येते, पण तिथून पुढे त्या गिटारची किंमत पडलीच.

म्हणून पहिला सल्ला : माल परत जात असेल तर परत करा आणि सव्वासहा मिलिमीटर पोस्टचे, दाबून बसणाऱ्या बुशचे पेग घ्या. ते जुन्या भोकात, बऱ्याचदा जुन्या स्क्रूच्या जागीही बसतात. बंद डब्याचा पेग म्हणजे दर्जा वरचा, हा गैरसमज आहे. उघड्या दातऱ्यांचे चांगले पेग जपानी कंपन्या आजही बनवतात, महागड्या गिटारांवर ते मुद्दाम बसवलेले असतात. वजनालाही ते हलके. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही संच ठेवून पाहा, फरक हाताला कळण्याइतका असतो, आणि तो सगळा गिटारच्या शेंड्याला लोंबतो.

परत जात नसेल तर दुसरा मार्ग, निमुळता हँड रीमर, म्हणजे भोक हळूहळू रुंद करायचं हत्यार. टी आकाराची मूठ असलेला हातानं फिरवायचा रीमर हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो. आधी जुनी बुशं काढा. ती पुढून स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाहीत, पॉलिशवर खड्डा पडतो. सोल्डरिंगचं गरम टोक बुशच्या आत थोडा वेळ टेकवा, मग मागून लाकडी दांडीने ढकला. हलकेच निघतं. मग रीमर पुढून दोन फेरे, मागून दोन फेरे असा आलटून पालटून चालवा. एकाच बाजूने चालवलात तर भोक नरसाळ्यासारखं होईल. दोन्हीकडून चालवल्यावर मध्ये थोडी कंबर उरते, ती लाकडी दांडीला पॉलिश पेपर गुंडाळून काढा. दर थोड्या वेळाने पेग घालून पाहायचा. बोटाच्या दाबाने, किंचित कुरकुरत आत गेला की थांबा. सैल भोकात पेग नंतर तारेच्या ओढीने तिरका होतो.

आता रेषेचा प्रश्न. याच्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात.

सहाही पेग घाला, पुढचे षटकोनी बुश बोटानेच कसा, पाना अजून लावू नका. पेग हाताने फिरवता आले पाहिजेत. आता नजर हेडस्टॉकच्या कडेकडे जाते आणि माणूस बटणं कडेला काटकोनात लावायला लागतो. कड फसवी असते. बऱ्याच हेडस्टॉकच्या कडा वर रुंद होत जातात किंवा किंचित वळलेल्या असतात, आणि फॅक्टरीत पॉलिश पेपर मारताना त्या आणखी हलतात. विश्वास ठेवायचा तो भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या रेषेवर. मागच्या बाजूला मास्किंग टेप चिकटवा, पहिल्या आणि तिसऱ्या भोकाचा मध्य जोडणारी रेष पेन्सिलने आधीच आखून ठेवा. मग स्टीलची पट्टी त्या रेषेला समांतर, तिन्ही डब्यांच्या सपाट कडांना एकदम टेकवा. तिन्ही टेकले की रेष जुळली. मधला पेग पट्टीपासून केसभर लांब दिसत असेल तर ते पेगाचं पाप नाही, भोक तेवढं सरकलेलं आहे. तो केसभर सोडून द्या, फक्त पेगाचं तोंड बाकी दोघांना समांतर ठेवा. वाजवताना कुणाला दिसत नाही.

पट्टी धरलेली असतानाच बुश पान्याने हलके कसा, म्हणजे पेग जागचे हलणार नाहीत. पाना फिरवताना डबा स्वतःही फिरायला बघतो, म्हणून कसून झाल्यावर पट्टी पुन्हा लावून बघायचीच. मग स्क्रूच्या भोकातून टोच्याने मध्यावर खूण करा.

नवी खूण जुन्या भोकाच्या काठावर येत असेल, आणि तुमच्या बाबतीत ती येणारच, तर तिथे लगेच ड्रिल लावू नका. ड्रिल जुन्या भोकात घसरेल आणि सगळी रेष गेली. पेग काढा, जुनी भोकं लाकडी टूथपिकला फेविकॉल लावून भरा, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग धारदार पटाशीने सपाट कापा. दुसऱ्या दिवशी पेग पुन्हा लावा, पट्टी पुन्हा लावा. हो, सगळं पुन्हा.

स्क्रूसाठी ड्रिल किती मापाचं? तक्ता शोधत बसू नका. ड्रिल स्क्रूच्या पुढे धरा. ड्रिलच्या दोन्ही बाजूंना आटे दिसले पाहिजेत, आट्यांच्या आतला गाभा मात्र पूर्ण झाकला गेला पाहिजे. या बारीक स्क्रूंना बहुतेक दीड मिलिमीटरच्या आसपासचं ड्रिल लागतं. हेडस्टॉक जेमतेम १४-१५ मिलिमीटर जाड असतो, म्हणून ड्रिलवर स्क्रूच्या लांबीवर टेप गुंडाळा. टेप लाकडाला टेकला की थांबायचं. पुढच्या बाजूने बाहेर आलेलं ड्रिल लपवायला कुठलंही पॉलिश पुरत नाही.

पेगासोबत आलेले चकचकीत स्क्रू मऊ असतात आणि कडक लाकडात डोकं तुटून पडतं. त्याच मापाचा साधा पोलादी स्क्रू आधी एकदा आत घालून काढा, म्हणजे लाकडात आटे तयार होतात. मग चकचकीत स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावून तो घाला. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि वर्षभरात स्क्रू गंजतो. स्क्रूचं काम पेगाला फिरण्यापासून अडवणं एवढंच आहे, पेग धरून ठेवतं ते पुढचं बुश. तेव्हा स्क्रू टेकला की पुरे, जोर नको.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझ्या गिटारच्या एका पेगाचं पांढरं प्लास्टिकचं बटण तुटलं. आता नुसती लोखंडी काडी राहिली आहे. क्लासमधले सर म्हणाले सगळे सहा बदल. बाबा म्हणतात परीक्षा झाल्यावर बघू. तोपर्यंत काय करू? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : सरांचंही बरोबर आणि बाबांचंही, पण तुझं काम त्याआधी होईल. पेग मोडलेला नाही, फक्त बटण गेलंय. ती काडी नीट बघ. तिच्या टोकाला बारीक स्क्रूचं भोक असेल तर बटण स्क्रूने बसतं, आणि तशी बटणं सुटी मिळतात. भोक नसेल तर बटण काडीवर दाबून बसवलेलं होतं. काडी चपटी आहे, चौकोनी आहे की एका बाजूने कापलेली गोल आहे, ते बघून तिचं माप घे आणि तसंच बटण शोध. नवं बटण बसत नसेल तर मोठ्या माणसाकडून सोल्डरिंगने काडी गरम करून घे. कोमट काडीवर प्लास्टिक अलगद सरकतं आणि थंड झालं की घट्ट धरतं. तू स्वतः नको.

तोपर्यंत सूर लावायचा असेल तर काडीवर जुन्या कापडाची घडी ठेव आणि छोट्या पकडीने फिरव. हळू.

आणखी एक करता येईल. रत्नागिरीत जो कोणी गिटार दुरुस्त करत असेल त्याला विचार. आमच्या सगळ्यांकडे जुन्या काढलेल्या पेगांचा एक डबा असतोच, त्यातून तुझ्यासारखा एक निघेल. फक्त कुठल्या बाजूचा हवा ते सांग. डाव्या रांगेचे आणि उजव्या रांगेचे पेग वेगळे असतात. डाव्याचा पेग उजवीकडे लावलास तर बसेल, पण बटण उलटं फिरवावं लागेल. पाच तारा एकीकडे फिरवल्यावर चढणार आणि एक उतरणार. पहिल्याच दिवशी तार तुटेल.

प्रश्न : सूर टिकत नाही म्हणून जुने १४ : १ चे पेग काढून महागडे १८ : १ चे बसवून घेतले. तरीही दोन गाणी वाजवली की जी आणि बी तार उतरते. पेगच खराब लागले का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. (कोथरूड, पुणे)

उत्तर : पेग खराब नाहीत, दुकानदाराशी भांडू नका. तुमचा पैसा चुकीच्या जागी गेलाय एवढंच.

पेगाच्या आत काय आहे ते बघा. बटणाच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. तो पोस्टवरच्या दातेरी चाकात अडकतो. १४ : १ म्हणजे बटणाचे चौदा फेरे झाले की पोस्टचा एक फेरा. १८ : १ मध्ये अठरा. त्यामुळे सूर बारीक लावता येतो, हे खरं. पण सूर टिकण्याशी या आकड्याचा संबंध नाही. वर्म चाकाला फिरवू शकतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही, हा त्या रचनेचाच गुण आहे. बारा-त्रेपन्नचा, म्हणजे बारीक तार ०.०१२ आणि जाड तार ०.०५३ इंचाची असलेला, नेहमीचा संच लावला तर सहा तारांची मिळून ७० किलोच्या वर ओढ असते. तेवढी ओढ रात्रंदिवस असूनही पेग आपणहून मागे सरकत नाही. दाते झिजून गेले किंवा चाकाचा स्क्रू सुटला तरच.

मग तार उतरते कुठून? तीन जागा बघायच्या. पहिली, नटची खाच, म्हणजे तार जिथून हेडस्टॉककडे वळते तो पांढरा तुकडा. तार हळू चढवा. मध्येच टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. पेग फिरवलात तरी ओढ नटच्या पलीकडेच साठते, आणि वाजवताना ती सुटते की सूर हलतो. तीन-तीन पेगांच्या हेडस्टॉकवर मधल्या तारा नटपासून जास्त तिरक्या वळतात, म्हणून तक्रार बहुतेक डी आणि जीची असते. तुमची जी त्यातलीच. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. भागलं नाही तर बाराशे नंबरचा पॉलिश पेपर त्याच तारेच्या जुन्या तुकड्यावर दुमडून खाचेतून दोन-चार वेळा ओढा. खाच खोल करायची नाही, फक्त गुळगुळीत करायची.

दुसरी जागा, पोस्टवरचे वेढे. बी तार बारीक आणि गुळगुळीत, तिला चारेक वेढे लागतात. जाड तारांना दोन-तीन पुरतात. वेढे एकावर एक चढलेले असतील तर ते वाजवताना आवळत जातात आणि सूर उतरतो. वेढे खालच्या दिशेने शेजारी शेजारी बसले पाहिजेत, आणि तार पोस्टच्या आतल्या बाजूने गेली पाहिजे. तुमच्या गिटारवर पहिलं काम हेच तपासायचं.

तिसरी तुमच्या हातात. सूर वर गेला म्हणून तार उतरवून तिथेच थांबलात तर वर्म आणि चाक यांच्यात किंचित खेळ राहतो. टूलरूममध्ये आम्ही त्याला बॅकलॅश म्हणायचो, लेथवरचा प्रत्येक पोरगा हे पहिल्या महिन्यात शिकतो. नेहमी थोडं जास्त उतरवा आणि खालून वर येत सुरावर थांबा.

हे तिन्ही करून मग सांगा. तोवर १८ : १ चा आनंद घ्या, वाईट वस्तू नाही ती.

प्रश्न : आजोबा मुंबईत डान्स बँडमध्ये वाजवायचे. त्यांची गिटार घरी आहे. एकेका पट्टीवर तीन-तीन पेग आहेत, पांढरी बटणं भुगा होऊन पडतायत, दातऱ्या गंजल्यात. नवीन पट्ट्या बसवाव्यात का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : शक्य तितका काळ नको. जुन्या पट्ट्या काढा, पण फेकू नका, आणि कुठली डावी कुठली उजवी ते चिठ्ठी लावून ठेवा. त्या काळची बटणं अनेकदा सेल्युलॉइडसारख्या प्लास्टिकची असायची, ती वर्षानुवर्षांनी आतूनच कुजतात आणि त्यातून निघणारी वाफ शेजारचा धातूही खाते. तिथल्या खाऱ्या हवेने बाकीचं केलं. बटणं मात्र सगळी काढून टाकाच, तुकडाही काडीवर ठेवू नका. नवी बटणं त्याच काडीवर बसतील.

पट्ट्या गिटारवरून उतरवल्यावरच साफ करायच्या. गंज काढायचा स्प्रे गिटारवर बसलेल्या पेगांवर मारतात लोक, तो लाकडात मुरतो आणि नंतर तिथे ना फेविकॉल धरतो ना पॉलिश. वाटीत रॉकेल किंवा टर्पेंटाइन, जुना टूथब्रश, पाऊण तास. कोरडं करून वर्मवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, फिरवा, पुसून टाका. चाकाच्या मध्यावरचा स्क्रू ढिला असेल तर कसा. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागतं.

दाते खरंच झिजले असतील, म्हणजे बटण फिरतंय आणि पोस्ट मध्येच उभा राहतोय असं असेल, तर नवीन पट्टी. तिच्यात एकच माप महत्त्वाचं, दोन पोस्टमधलं अंतर. ते बहुधा ३५ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण आसपास म्हणजे तंतोतंत नव्हे. सुटा पेग थोडा सरकवता येतो, तिघे एका पट्टीवर खिळलेले असले की सरकायला जागा नाही. अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी कडेचे पोस्ट बुशला घासतात आणि बटण दगडासारखं जड फिरतं. माप मध्य ते मध्य घेऊ नका, मध्य डोळ्याने सापडत नाही. पहिल्या भोकाची डावी कड ते तिसऱ्या भोकाची डावी कड मोजा आणि निम्मं करा. अचूक उत्तर येईल.

प्रश्न : नायलॉन तारांच्या गिटारलाही हेच लागू आहे का? (बंगळुरू)

उत्तर : थोडंसं. तिथे हेडस्टॉकमध्ये दोन उभ्या खाचा असतात आणि तार आडव्या रुळांवर गुंडाळतात. रूळ जाड, १० मिलिमीटरचे, आणि एकमेकांपासून ३५ मिलिमीटरवर, हे माप बऱ्यापैकी ठरलेलं आहे. तरी वर सांगितल्यासारखं मोजूनच घ्या. स्टीलच्या तारांच्या खाचवाल्या गिटारचे पेग यावर लावू नका, त्यांचे पोस्ट बारीक धातूचे असतात आणि भोकात खुळखुळतील.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना पेगांबद्दल असेल तर हेडस्टॉकचा मागून काढलेला फोटो जोडा, आणि फोटोत पट्टी ठेवा. पट्टी नसलेल्या फोटोवरून भोकाचं माप सांगता येत नाही.